रहस्य न फोडता डिटेक्टिव्ह कादंबरी कशी सुचवावी

‘एखादी मस्त डिटेक्टिव्ह कादंबरी सुचव ना,’ असं कुणी म्हटलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर दहा पुस्तकांची यादी पाठवून मोकळे होतात, नाहीतर एकाच पुस्तकाबद्दल इतकं भरभरून बोलतात की समोरच्याला ते वाचायची गरजच उरत नाही. यादीतलं एकही पुस्तक उघडलं जात नाही आणि वर्णन केलेलं पुस्तक निम्म्यात सोडलं जातं. प्रेमकथेचा शेवट आधी कळला तरी ती वाचता येते. खुनी आधी कळला तर बहुतेक रहस्यकादंबऱ्यांत हाती फारसं काही राहत नाही. म्हणून इथे क्रम पाळायचा: आधी विचारायचं, मग प्रकार ठरवायचा, मग मालिका आणि प्रत तपासायची, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी, तेही मोजून.

१. सुचवण्याआधी पाच प्रश्न

पुस्तकाचं नाव घ्यायच्या आधी एवढं विचारून घ्या.

पहिला प्रश्न: शेवटपर्यंत वाचून संपवलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं? ‘आवडतं पुस्तक कोणतं’ असं विचारू नका. आवडतं विचारलं की लोक कॉलेजात वाचलेलं, चारचौघांत सांगायला बरं वाटणारं नाव घेतात. अलीकडे काय संपवलं यावरून सध्याची वाचायची ताकद कळते. उत्तर ‘दोन वर्षांत काहीच नाही’ असं आलं तर साडेचारशे पानांची कादंबरी बाद. तिथे कथासंग्रहच द्यायचा.

दुसरा: वाचणार कुठे आणि कधी? लोकलमध्ये उभ्याने पंधरा-वीस मिनिटं वाचणाऱ्याला पंचवीस पात्रं आणि वाड्याचा नकाशा असलेली कादंबरी झेपत नाही, दर वेळी मागची पानं चाळावी लागतात. सुट्टीत गावाला जाऊन सलग वाचणाऱ्याला तीच कादंबरी उत्तम.

तिसरा: काय चालणार नाही? हा प्रश्न सगळे विसरतात आणि सगळ्यात जास्त शिफारशी इथेच फसतात. लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, शवविच्छेदनाची बारीक वर्णनं, प्राण्यांचे हाल यांपैकी काय नको, ते स्पष्ट विचारा. स्वीडिश लेखक स्टीग लार्सनची कादंबरी ‘थरारक आहे’ एवढंच सांगून पुढे केली तर वाचणारा हादरतो, आणि तुमच्याकडे पुन्हा पुस्तक मागत नाही.

चौथा: भाषा आणि माध्यम. मराठी की इंग्रजी, छापील की ई-बुक की ऑडिओ.

पाचवा: कोणते सिनेमे आणि मालिका पाहिल्या आहेत? ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’चे सिनेमे अनेकांनी पाहिलेले असतात. जपानी लेखक केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या कादंबरीवर २०२३ साली ‘जाने जां’ हा हिंदी सिनेमा आला. तो पाहिलेल्याला कादंबरी देऊ नये असं नाही, पण ती रहस्यासाठी देता येणार नाही.

*तपासा:* पाचही उत्तरं मिळाली का? तिसरं आणि पाचवं नसेल तर पुढे जाऊ नका.

२. ‘रहस्य’ म्हणजे त्यांना नेमकं काय हवंय ते ठरवा

मराठीत रहस्यकथा, गूढकथा, भयकथा, हेरकथा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वाचनालयातही ही पुस्तकं एकाच फळीवर असतात. सुचवणाऱ्याने मात्र ती वेगळी ठेवायला हवीत, कारण वाचकाशी प्रत्येक प्रकाराचा करार वेगळा असतो.

कोडं सोडवणारी कादंबरी: खून, मोजके संशयित, पानापानांत पेरलेले दुवे आणि शेवटी तर्काने उलगडा. अगाथा ख्रिस्ती इथली. ज्यांना शब्दकोडी, पत्ते, बुद्धिबळ आवडतं त्यांना हा प्रकार बहुधा लागू पडतो.

गुन्हेगार सुरुवातीलाच माहीत असलेली कादंबरी: इथे प्रश्न ‘कुणी केलं’ हा नसतो, ‘सापडेल का आणि कसा’ हा असतो. ‘सस्पेक्ट एक्स’ याच जातीची. ज्यांना ‘दृश्यम’ बघताना ताण आवडला त्यांना हा प्रकार आवडण्याची शक्यता मोठी. पण हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणारा पहिल्या पन्नास पानांतच ‘खुनी कळला की, आता काय’ म्हणून पुस्तक मिटतो.

धावपळीची कादंबरी: पाठलाग, वेषांतर, अड्डे, मारामारी. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू इथले. यांत दुवे जुळवण्यापेक्षा वेग महत्त्वाचा. कोडं हवं असलेल्याला झुंजार दिला तर तो म्हणणार ‘यात तर्क कुठेय’, आणि वेग हवा असलेल्याला ख्रिस्ती दिली तर तो म्हणणार ‘नुसते चहा पितायत’. दोघांचंही बरोबर असतं. चुकतो तो सुचवणारा.

सौम्य तपासकथा: रक्त कमी, माणसं जास्त. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोट्स्वानातली मालिका (पहिलं पुस्तक १९९८) आजारपणातून उठलेल्यांना, रात्री झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांना आणि ‘खून-बिन नको गं’ म्हणणाऱ्या मावशींना देता येते.

गूढ आणि भय: नारायण धारप, रत्नाकर मतकरी. इथे उलगडा तर्काने होईलच असं नाही, अमानवी शक्ती असू शकते.

> सावधान: सगळ्यात महागात पडणारी गल्लत शेवटच्या प्रकारात होते. तार्किक उलगड्याची वाट बघत तीनशे पानं वाचलेल्या माणसाला शेवटी ‘ती मेलेलीच होती’ असं उत्तर मिळालं तर तो चिडतो. धारप द्यायचे तर ‘ही भयकथा आहे’ हे आधी सांगा. एवढं सांगितल्याने काही फुटत नाही.

कधीकधी ‘डिटेक्टिव्ह’ म्हणणाऱ्याला डिटेक्टिव्ह नकोच असतं, ‘अडकवून ठेवेल असं काहीतरी’ हवं असतं. मग चिं. वि. जोशींचा चिमणराव किंवा इंग्रजीतला विनोदी लेखक वुडहाऊसही चालतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हे दिसून येतं, फक्त आपल्याला डिटेक्टिव्हच द्यायचा हट्ट नको.

३. मालिका असेल तर दार कोणतं ते बघा

‘पहिल्यापासून वाच’ हा सल्ला ऐकायला बरा, पण अनेक मालिकांत तो चुकीचा आहे.

*शेरलॉक होम्स.* चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा. पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७). हिच्यात गुन्हेगार सापडल्यावर गोष्ट एकदम अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात जाते आणि बराच वेळ होम्स गायब होतो. नव्या वाचकाला वाटतं बाइंडिंगमध्ये दुसऱ्या पुस्तकाची पानं घुसली. सुरुवात ‘ॲडव्हेंचर्स’ या पहिल्या संग्रहातल्या बारा कथांपासून (१८९२) करून द्या, एका बैठकीला एक कथा. होम्सचं लागलं की मग ‘स्कार्लेट’.

*फेलूदा.* या बंगाली डिटेक्टिव्हची मालिका सत्यजित राय यांनी १९६५ साली सुरू केली, पण रहस्यकथा लिहिणारा लालमोहनबाबू ऊर्फ जटायू त्यात येतो तो १९७१च्या ‘सोनार केल्ला’पासून. फेलू, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि जटायू हे त्रिकूट जमल्यावरच खरी गंमत आहे, म्हणून दार तेच. मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बिनधास्त द्या. त्याहून लहान असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी.

*ब्योमकेश बक्षी.* शरदिंदू बंद्योपाध्यायांचा हा सत्यान्वेषी फेलूदाच्या शेजारी ठेवलेला दिसतो आणि ‘तोही बंगाली, हाही बंगाली’ म्हणून मुलांच्या हाती जातो. असं करू नका. ब्योमकेशच्या कथा मोठ्यांच्या आहेत. वासना, वारसाहक्क, लग्नाबाहेरचे संबंध त्यांत येतात. इथे मात्र क्रम पाळायचा: ‘सत्यान्वेषी’ ही कथा आधी, कारण ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांची भेट तिच्यात होते. पुढे ब्योमकेशचं लग्न होतं, संसार होतो, वय वाढतं.

*अगाथा ख्रिस्ती.* बहुतेक पुस्तकं सुटी वाचता येतात, म्हणून लोक बेफिकीर असतात. पण दोन खड्डे आहेत. ‘डम्ब विटनेस’ (१९३७) मध्ये तिचा डिटेक्टिव्ह पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेऊन टाकतो. त्या चार म्हणजे ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’. तसंच ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (१९३६) मध्ये ‘ओरिएंट एक्स्प्रेस’चं गुपित फुटतं. लेखिकेनेच फोडलं, आता कुणाकडे तक्रार करणार? तेव्हा ही दोन पुस्तकं उशिरा सुचवायची. ‘कर्टन’ (१९७५) ही पॉयरोची अखेरची केस, ती सगळ्यात शेवटी. आणि तिच्याआधी ‘स्टाइल्स’ वाचलेलं असावंच, कारण गोष्ट परत त्याच घरात जाते.

*सुहास शिरवळकर.* नुसतं ‘सुशि वाच’ म्हणू नका. ‘सुशि’ मागितलं की काउंटरवरून ‘दुनियादारी’ पुढे येते, आणि तिच्यात रहस्य नाही. नायकाचं नाव सांगा. अमर विश्वास वकील आहे, त्याच्या गोष्टींत कोर्ट येणार. मंदार पटवर्धन मागितला तर तपास मिळेल.

*मुंबईची आवड असेल तर.* सुजाता मॅसींची पर्वीन मिस्त्री १९२१च्या मुंबईतली पारशी वकील आहे, वसीम खान यांच्या ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ (२०२०) मध्ये स्वातंत्र्यानंतर लगेचची मुंबई भेटते. दोन्ही मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचायच्या, नायिकांची खासगी गोष्ट पुस्तकागणिक पुढे सरकते.

> सावधान: एकाच पुस्तकाची दोन नावं. ख्रिस्तीच्या अमेरिकी आवृत्त्यांना वेगळी नावं दिलेली आहेत. ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ म्हणजेच ‘थर्टीन ॲट डिनर’, आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’ म्हणजेच ‘डेथ इन द एअर’. पर्वीन मिस्त्रीचं पहिलं पुस्तक भारतात ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’, तर अमेरिकेत ‘द विडोज ऑफ मलबार हिल’. परदेशातल्या भाच्याला सुचवताना किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेताना हे पाहा, नाहीतर एकच गोष्ट दोनदा विकत घेतली जाते.

४. नेमकी कोणती प्रत, ते पाहा

हा टप्पा लोक गाळतात. नाव सांगितलं की काम झालं असं नसतं.

*आतलं शीर्षकपान उघडा.* ‘अनुवाद’, ‘स्वैर अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’, ‘यावर आधारित’ यांपैकी काय छापलंय ते वाचा. रूपांतरात लंडनचं पुणं होतं आणि घोडागाडीचा टांगा, त्यात बिघडत काही नाही. संक्षिप्त आवृत्ती मात्र कोड्याच्या कादंबरीला मारक. पानं वाचवण्यासाठी जे ‘अनावश्यक’ वर्णन काढलं जातं, त्यातच बरेचदा दुवा लपलेला असतो. मग शेवटी डिटेक्टिव्ह म्हणतो ‘तुम्ही ते घड्याळ पाहिलंच असेल’, आणि वाचकाने घड्याळ पाहिलेलंच नसतं. होम्सचे मराठीत एकाहून अधिक अनुवाद आहेत (भालबा केळकरांचा त्यांतलाच), त्यामुळे अनुवादकाचं नाव सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही.

*मलपृष्ठ वाचा, म्हणजे दुसऱ्याला वाचावं लागणार नाही.* मागच्या मजकुरात कधीकधी शंभराव्या पानावरचा दुसरा खूनही सांगितलेला असतो. तसं असेल तर ‘मागचं वाचू नकोस’ असं सांगून ठेवा. हेच प्रस्तावनेबाबत. जुन्या, गाजलेल्या रहस्यकादंबऱ्यांच्या नव्या आवृत्तीत विद्वान माणसाची प्रस्तावना असते, आणि ती पुस्तक सगळ्यांनी वाचलंय असं धरून चालते. प्रस्तावना शेवटी वाचायची.

*वाचनालयाची किंवा जुनी प्रत असेल तर शेवटून सुरुवात करा.* म्हणजे वाचायला नव्हे, मोजायला. शेवटची चार-आठ पानं जागेवर आहेत का, पानांचे आकडे सलग आहेत का, ते बघा. जुन्या पॉकेटबुकांची शेवटची पानं आधी सुटतात. मग पहिली पंचवीस-तीस पानं भरभर चाळा. एखाद्या पात्राच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारून ‘हाच!’ असं लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक वाचनालयाचे सभासद असतात. खोडरबर चालवा आणि मगच प्रत पुढे द्या.

*ऑडिओ देताय?* ऐकताना मागचं पान उलटता येत नाही. पात्रं सात-आठाहून जास्त असतील, वेळापत्रक किंवा नकाशा असेल, तर ऑडिओ नको. होम्सच्या कथा ऐकायला छान, कारण सांगणारा बहुतेक वेळा होम्सचा मित्र वॉटसन एकटाच असतो.

*तपासा:* नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, मालिकेतला क्रमांक, मिळण्याचं ठिकाण. आउट ऑफ प्रिंट असेल आणि तुमच्याकडेही प्रत नसेल तर सुचवूच नका. न मिळणारं पुस्तक सुचवण्याने फक्त आपलं वाचन दिसतं.

५. शिफारस लिहा: पाच-सहा ओळी, एकच पुस्तक

एक पुस्तक. फार तर एक जोडीला, पहिलं मिळालं नाही तर म्हणून. यादी दिली की निवडायचं काम पुन्हा मागणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, आणि तेच टाळायला तो तुमच्याकडे आलेला असतो.

गोष्ट किती सांगायची? पहिल्या दहा टक्के पानांत जे घडतं तेवढीच. अडीचशे पानांचं पुस्तक असेल तर पंचविसाव्या पानापलीकडचं काहीही तुमच्या तोंडून जाता कामा नये. दुसरा खून त्याच्यापुढे असेल तर ‘खून होतात’ असं अनेकवचनही नको.

आता एक बिघडलेली शिफारस बघा, पुस्तक काल्पनिक आहे:

‘अफलातून! शेवटी असा ट्विस्ट आहे की डोकं गरगरेल. ज्याच्यावर कध्धीच संशय येत नाही तोच निघतो. माळ्याकडे लक्ष ठेव.’

‘शेवटी ट्विस्ट आहे’ म्हटल्यावर वाचणारा मधल्या उलगड्यावर विश्वास ठेवत नाही. ऐंशी पानं उरलेली असताना कुणाला पकडलं की त्याला कळतं, हा नव्हे. ‘कधीच संशय येत नाही तोच’ म्हटल्यावर तो सगळ्यात गरीब, सगळ्यात मायाळू पात्र शोधून काढतो आणि नव्वद टक्के वेळा बरोबर ठरतो. आणि माळी? माळी निर्दोष असला तरी नुकसान झालंच, कारण आता वाचणारा बाकी कुणाकडे बघतच नाही. ‘अमुक सिनेमासारखी आहे’ हे वाक्यही याच माळेतलं. सिनेमाचा शेवट माहीत असेल तर तुम्ही पुस्तकाचा शेवट सांगितला.

आता नीट लिहिलेली:

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सची कादंबरी आहे, आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालेल. एका जमीनदार घराण्याला पिढीजात शाप आहे अशी वदंता, आणि त्या घराण्यातल्या एकाचा चमत्कारिक मृत्यू. दलदल, धुकं, ओसाड माळरान. भीती आहे, रक्तपात फारसा नाही. मधली काही प्रकरणं वॉटसन एकटाच सांभाळतो, तिथे कंटाळून सोडू नकोस. प्रस्तावना असेल तर शेवटी वाच.’

यात काय आहे ते बघा: सुरुवातीचा पेच, वातावरण, काय त्रास होणार नाही, कुठे रेंगाळेल, आणि कसं वाचायचं. ‘कुठे रेंगाळेल’ हे सांगायला लोक लाजतात, पुस्तकाची बदनामी होईल असं वाटतं. उलट आहे. उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ची (१९८०) पहिली शंभर पानं मठ, धर्मवाद आणि लॅटिनने भरलेली आहेत, हे सांगून दिलं तर लोक नेटाने पुढे जातात. न सांगता दिलं तर साठाव्या पानावर खूण अडकून पडते ती कायमची.

६. ग्रुपवर टाकताना

व्हॉट्सॲप ग्रुपवर शिफारस टाकणं सोपं, त्यानंतर येणारे प्रतिसाद आवरणं अवघड. ‘हो हो, त्या नवऱ्याने केलेला ना!’ असा मेसेज हमखास येतो. म्हणून शिफारशीच्या शेवटीच लिहून टाका: ‘वाचलेल्यांनी शेवटाबद्दल इथे लिहू नये, मला वेगळा मेसेज करा.’ तरी कुणी लिहिलंच तर त्याला उत्तर देऊ नका. उत्तरासोबत मूळ मेसेज पुन्हा वर येतो आणि ज्यांनी पाहिला नव्हता तेही बघतात. लिहिणाऱ्याला किंवा ॲडमिनला तो काढायला सांगा.

चर्चा करायचीच असेल तर प्रकरणाच्या क्रमांकाने करा, पानाच्या नव्हे. आवृत्ती बदलली की पानं बदलतात. मेसेजची पहिली ओळ निरुपद्रवी ठेवा: ‘बास्करव्हिल्स, प्रकरण ६ पर्यंत’. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीच्याच ओळी दिसतात आणि तिथे नाव दिसलं तर न उघडताही घात होतो.

७. पुस्तक दिल्यानंतर

आठवडाभर विचारू नका. मग विचाराल तेव्हा ‘कुठपर्यंत आलं?’ एवढंच. ‘मग, कुणावर संशय आहे?’ हा प्रश्न वाचणाऱ्याला आवडतो, पण त्यावर तुमचा चेहरा गप्प बसत नाही. तो ‘वकिलावर’ म्हणतो, तुम्ही गालात हसता, आणि वकील सुटतो. फोनवरचं लांबलेलं ‘अच्छाऽऽ’ही तेच काम करतं. अगदीच विचारलं गेलं तर कुठल्याही नावाला एकच उत्तर द्या: ‘वाच पुढे.’

निम्म्यात सोडलं असेल तर कोणत्या प्रकरणात आणि का, ते विचारा. ‘नावं लक्षात राहत नाहीत’ असं असेल तर पुस्तक बदलायची गरज नाही. जाड कागदाची खूण करून तिच्यावर पात्रांची नावं आणि नाती लिहून द्या, पहिल्या दोन प्रकरणांपुरतीच. जपानी किंवा रशियन कादंबरीला ही खूण पुस्तकासोबतच द्यावी. ‘फार संथ आहे’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या टप्प्याची निवड चुकली: कोड्याऐवजी धावपळीचं द्या. ‘रात्री झोप लागली नाही’ म्हटलं तर सौम्य तपासकथेकडे वळा.

संपवून परत आणलं तर लगेच त्याच लेखकाचं पुढचं देऊ नका. कोड्याच्या कादंबरीत लेखकाच्या लकबी दोन-तीन पुस्तकांत कळायला लागतात आणि चौथ्याचा खुनी निम्म्यात ओळखू येतो. मध्ये दुसऱ्या जातीचं एक घाला. दिवाळी जवळ असेल तर ‘धनंजय’ किंवा ‘नवल’चा अंक द्या: वेगवेगळ्या हातांच्या रहस्य-गूढकथा एकत्र मिळतात, आणि त्यातली कोणती कथा आवडली एवढं विचारलं की पुढचं पुस्तक ठरतं.